लॅपटॉपमधील रिकव्हरी पार्टिशन : ठेवावे की काढावे ?

शाळेच्या लॅपटॉपमध्ये जागा उरली नाही, नवी फाईल साठविता येत नाही, विंडोजचे नवे अपडेट उतरत नाही, अशी अडचण अनेक प्राथमिक शाळांपुढे उभी राहते. अशा वेळी लॅपटॉपच्या अंतर्भागाची पाहणी केली असता ‘रिकव्हरी’ या नावाचा एक विभाग दृष्टीस पडतो. त्यात एकही फाईल दिसत नाही, त्याला ‘सी’ किंवा ‘डी’ असे अक्षरही दिलेले नसते, आणि तरीही काही लॅपटॉपमध्ये तो दहा-पंधरा जीबी जागा अडवून बसलेला असतो. गावातील एखादा जाणता तरुण अथवा तालुक्याच्या ठिकाणचा दुरुस्तीकार ‘हा भाग निरुपयोगी आहे, काढून टाकू या’ असे सहज सुचवितो. सूचना चांगल्या हेतूची असते. परंतु लॅपटॉप शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंदलेली वस्तू असून त्यातील नोंदींची जबाबदारी मुख्याध्यापकांची व शिक्षकांची असते. म्हणून निर्णयही त्यांनीच समजून-उमजून घ्यावयास हवा. त्या कामी साहाय्य व्हावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विभाग म्हणजे काय ?

लॅपटॉपमधील साठवण एकसंध दिसली तरी ती शेतातील वाफ्यांप्रमाणे निरनिराळ्या भागांत विभागलेली असते. या भागांना पार्टिशन म्हणतात. विंडोज १० किंवा ११ सह विकत घेतलेल्या लॅपटॉपमध्ये सामान्यतः पुढील भाग आढळतात :

(१) ईएफआय सिस्टिम पार्टिशन. आकार शंभर ते काहीशे एमबी. बटण दाबल्यावर विंडोज कोठून सुरू करावयाचे, याची माहिती यात असते. यास कधीही हात लावू नये.

(२) मायक्रोसॉफ्टने राखून ठेवलेला १६ एमबीचा छोटा भाग. हा नेहमीच्या पाहणीत दिसतही नाही.

(३) ‘सी’ ड्राइव्ह. विंडोज, इतर प्रोग्राम व बहुतेक वेळा आपल्या फायली येथेच असतात.

(४) विंडोजचे स्वतःचे लहान रिकव्हरी पार्टिशन. आकार बहुधा ५०० एमबी ते १ जीबीच्या आसपास. विंडोज सुरूच होईनासे झाले, तर दुरुस्तीची साधने येथून मिळतात.

(५) लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीचे मोठे रिकव्हरी पार्टिशन. हे सर्वच लॅपटॉपमध्ये नसते. असल्यास ते बहुधा १० ते २० जीबीचे असते. लॅपटॉप कारखान्यातून बाहेर पडला त्या दिवशी त्याच्यात जे विंडोज, जे ड्रायव्हर व जे प्रोग्राम होते, त्या सर्वांची प्रत यात ठेवलेली असते.

आपल्या लॅपटॉपमध्ये यांपैकी काय आहे हे पाहावयाचे असल्यास स्टार्ट बटणावर उजवी कळ दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ निवडावे. सर्व भाग त्यांच्या आकारांसह एका ओळीत दिसतात. केवळ पाहण्याने काहीही बदलत नाही, म्हणून ही पाहणी निर्धास्तपणे करावी व दिसलेले आकार कागदावर उतरवून घ्यावेत.

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की, ‘रिकव्हरी’ हे एकच नाव दोन अगदी भिन्न वस्तूंना लागले आहे. लहान विभाग म्हणजे दुरुस्तीच्या हत्यारांची पेटी, तर मोठा विभाग म्हणजे मूळ मालाची प्रत. ‘काढावे की ठेवावे’ हा प्रश्न खऱ्या अर्थाने दुसऱ्याविषयीच विचारावयाचा असतो. पहिला विभाग काढून मिळणारी जागा एका छोट्या चलच्चित्राएवढी आणि होणारे नुकसान मात्र मोठे. तेव्हा तो काढण्याचा विचारच करू नये. उलट तो पुरेसा मोठा असावा लागतो, असा अलीकडील अनुभव आहे. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी आलेले एक सुरक्षा-अपडेट अनेक संगणकांवर अपयशी ठरले. त्यास या लहान विभागात २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि ती तेथे नव्हती, हे त्याचे कारण होते.

त्याचा उपयोग कोणता, आणि कोणता नाही ?

शेतकरी घरात कितीही टंचाई असली तरी बियाण्याचे धान्य वेगळे बांधून ठेवतो. ते कोणी खात नाही, म्हणून ते निरुपयोगी आहे, असे कोणी म्हणत नाही. मोठ्या रिकव्हरी पार्टिशनचे तसेच आहे. विंडोज पार बिघडले, व्हायरस शिरला, अथवा लॅपटॉप दुसऱ्या शाळेकडे सोपवावयाचा असला, तर या बियाण्यातून पुन्हा नवे पीक उभे करता येते. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. ज्या गावी फोनला रेंज मिळण्यासाठी टेकाडावर जावे लागते, त्या गावी ही सोय क्षुल्लक मानता येणार नाही.

परंतु एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. ‘रिकव्हरी’ या शब्दाने ‘हरवलेले परत मिळते’ असा बोध होतो. वस्तुस्थिती अशी नाही. हा विभाग लॅपटॉपला पहिल्या दिवसाच्या अवस्थेत नेतो, आणि पहिल्या दिवशी आपली एकही फाईल त्यात नव्हती ! समजा, एका द्विशिक्षकी शाळेत एप्रिल महिन्यात निकालपत्रके तयार होत असता लॅपटॉप बंद पडला. शिक्षकांनी घाईने कंपनीची रिकव्हरी चालविली. तासाभरात लॅपटॉप नव्यासारखा सुरू झाला. पण वर्षभराच्या मूल्यमापनाच्या नोंदी, पोषण आहाराचे हिशेबाचे तक्ते, पालकसभांची इतिवृत्ते, मुलांची छायाचित्रे, सर्व काही गेले. यंत्र वाचले आणि शाळेचे वर्ष बुडाले. यू-डायस प्लस किंवा सरल प्रणालीत भरलेली माहिती त्या त्या प्रणालीत सुरक्षित राहते हे खरे, पण ती भरण्यासाठी शाळेत केलेले मूळ तक्ते तेथे नसतात.

विंडोजमध्येच असलेल्या ‘रीसेट’ या सोयीत ‘माझ्या फायली ठेवा’ आणि ‘सर्व काढून टाका’ असे दोन पर्याय विचारले जातात. पहिल्या पर्यायाने फायली राहतात; तथापि आपण नंतर बसविलेले प्रोग्राम जातातच. कंपनीच्या मोठ्या विभागातून केलेली रिकव्हरी मात्र बहुधा सर्वच पुसून टाकते. म्हणून पडद्यावरील प्रत्येक वाक्य वाचल्यावाचून पुढील बटण दाबू नये.

दुसरी मर्यादा अशी की, हा विभाग त्याच डिस्कवर असतो. डिस्कच नादुरुस्त झाली, लॅपटॉप चोरीस गेला अथवा छत गळून भिजला, तर बियाणे आणि पीक एकदमच जाते. तात्पर्य, रिकव्हरी पार्टिशन असणे म्हणजे शाळेच्या नोंदींची दुसरी प्रत असणे नव्हे. ती प्रत वेगळीच ठेवावी लागते.

जागेचा हिशेब

निर्णयाचा पाया हिशेबावर असावा. पुष्कळांना असे वाटते की, ५०० जीबीच्या डिस्कवर केवळ ४६५ जीबी दिसतात, ते उरलेले ३५ जीबी रिकव्हरीने खाल्ल्यामुळेच. हे खरे नाही. डिस्क बनविणारा १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट असे मोजतो; विंडोज १०२४ × १०२४ × १०२४, म्हणजे सुमारे १०७ कोटी ३७ लक्ष बाइटांना १ जीबी म्हणते. ५०० ला या प्रमाणाने भागिले असता ४६५ येतात. माप बदलले, जागा गेली नाही. शेर व किलो यांतील फरकासारखाच हा फरक होय. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना भागाकाराचे हे उदाहरण अवश्य द्यावे.

आता १५ जीबीचा रिकव्हरी विभाग धरू. ४६५ जीबीच्या डिस्कवर तो शेकडा ३ इतकाच भरतो. तो काढल्याने जागेची अडचण सुटणार नाही. एका सत्रात पुन्हा तीच वेळ येईल. परंतु ६४ जीबीच्या लहान लॅपटॉपवर प्रत्यक्षात ५९ जीबीच दिसतात. त्यांतील १५ म्हणजे चौथा हिस्सा झाला. तेथे प्रश्नाचे स्वरूप निराळे आहे.

याखेरीज आणखी एक अडचण ध्यानात घ्यावी. विभाग काढल्याने रिकामी झालेली जागा ‘सी’ ड्राइव्हला जोडावयाची तर ती ‘सी’च्या लगत उजव्या हातास असावी लागते. आपल्या शेतास लगतची पट्टी मिळाली तर बांध फोडून शेत एक करता येते. मध्ये दुसऱ्याची पट्टी असेल तर ते शक्य नाही. पुष्कळ लॅपटॉपमध्ये ‘सी’नंतर लहान रिकव्हरी विभाग आणि त्यानंतर मोठा विभाग अशी रचना असते. अशा ठिकाणी मोठा विभाग काढूनही ‘सी’ वाढत नाही. त्या जागेचा एक स्वतंत्र ड्राइव्ह तेवढा करता येतो. ज्याला ‘सी’ भरल्याचीच अडचण आहे, त्याचे काम यातून अर्धेच होते. डिस्क मॅनेजमेंटमधील ओळ पाहिली की हे आधीच कळते.

आधी कोणते उपाय करावेत ?

जागा मोकळी करण्याचे सोपे व निर्धोक मार्ग शिल्लक असता अवघड मार्गास जाऊ नये. ‘डाउनलोड्स’ फोल्डर उघडून पाहावा. एकच परिपत्रक पाच वेळा उतरवून घेतलेले तेथे हमखास सापडते. स्नेहसंमेलनाची व क्रीडास्पर्धांची चलच्चित्रे बाहेरील हार्ड डिस्कवर हलवावीत. रिसायकल बिन रिकामी करावी. विंडोजची आवृत्ती बदलली असल्यास जुन्या आवृत्तीचा ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचा फोल्डर काही काळ राहतो व तो अनेक जीबींचा असतो. सेटिंग्जमधील ‘स्टोरेज’ या भागातून तो व तात्पुरत्या फायली काढता येतात. जेथे हार्ड डिस्क जुनी व संथ झाली आहे, तेथे समितीच्या संमतीने नवी एसएसडी बसविणे हाच टिकाऊ उपाय होय.

विभाग केव्हा काढता येईल ?

बियाण्याला कीड लागली असेल, अथवा पुढील हंगामात दुसरेच पीक घ्यावयाचे ठरले असेल, तर ते राखण्यात अर्थ उरत नाही. मोठ्या रिकव्हरी पार्टिशनबाबत अशा तीन परिस्थिती संभवतात.

पहिली, लॅपटॉप विंडोज ७ किंवा ८ सह आला आणि नंतर त्यावर विंडोज १० अथवा ११ बसविले. अशा वेळी राखलेली प्रत जुन्याच विंडोजची असते. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी, विंडोज ८.१ ला १० जानेवारी २०२३ रोजी आणि विंडोज १० ला सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ७ ची प्रत पुन्हा उभी करून त्यावर शाळेचे ऑनलाईन कामकाज करणे म्हणजे कुलूप नसलेल्या खोलीत दप्तर ठेवण्यासारखे होईल.

दुसरी, लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स घेण्याचे ठरले आणि परत विंडोजकडे जावयाचे नाही हे पक्के झाले. येथेही ‘कदाचित परत जाऊ’ अशी शंका असेल तोवर थांबावे.

तिसरी, डिस्क लहान आहे, वरील सोपे उपाय करून झाले आहेत आणि विंडोज नव्याने बसविण्याचे साधन पेन ड्राइव्हवर तयार करून ते तपासून पाहिले आहे.

याउलट लॅपटॉप वॉरंटीत असेल, शाळेत इंटरनेटची खात्री नसेल, अथवा पेन ड्राइव्ह तयार झालेला नसेल, तर विभाग आहे तसा ठेवावा. विंडोज १० च्या २०२० मधील आवृत्तीपासून ‘रीसेट’ करताना विंडोज इंटरनेटवरून उतरवून घेण्याची सोय झाली आहे हे खरे. परंतु त्यासाठी सुमारे ४ जीबी माहिती उतरवावी लागते. मोबाईलच्या जोडणीवर दुर्गम गावी हे काम दिवसभर रखडू शकते.

येथे एक शंका उपस्थित होण्याचा संभव आहे : विभाग काढला तर विंडोजचा परवानाही जाईल काय ? नाही. विंडोज ८ पासून पुढे विंडोजसह विकलेल्या लॅपटॉपमध्ये परवान्याचा क्रमांक सामान्यतः डिस्कवर नसून मदरबोर्डवरील चिपमध्ये कोरलेला असतो. विंडोज ७ च्या लॅपटॉपला तो तळाशी चिकटविलेल्या कागदावर असतो. तो पुसट होण्यापूर्वी नोंदवहीत उतरवून घ्यावा.

काढण्यापूर्वीची तयारी

(१) मुख्याध्यापकांची लेखी संमती घ्यावी व जडवस्तू संग्रह नोंदवहीतील लॅपटॉपच्या नोंदीसमोर केलेला बदल व दिनांक लिहावा.

(२) शाळेच्या सर्व फायलींच्या दोन प्रती कराव्यात. एक बाहेरील हार्ड डिस्कवर व दुसरी शक्यतो अन्यत्र, म्हणजे केंद्रशाळेत अथवा शाळेच्या ईमेल खात्याच्या ऑनलाईन साठ्यात. प्रत केल्यावर त्यातील दोन-चार फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे.

(३) विंडोजमधील ‘क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह’ या सोयीने पेन ड्राइव्ह तयार करावा. त्यासाठी निदान १६ जीबीचा, शक्यतो ३२ जीबीचा, पेन ड्राइव्ह घ्यावा. त्यावरील पूर्वीचे सर्व पुसले जाते, म्हणून तो रिकामाच असावा. हे न जमल्यास मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज बसविण्याचे साधन ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विनामूल्य करता येते. ते दुसऱ्या संगणकावर केले तरी चालते. पेन ड्राइव्हवर लॅपटॉपचे नाव व दिनांक लिहून तो कपाटात ठेवावा, वर्गात वापरू नये.

(४) त्या पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप खरोखर सुरू होतो काय, हे एकदा पाहून घ्यावे. निळ्या पडद्यावर पर्याय दिसले की लॅपटॉप बंद करून पेन ड्राइव्ह काढावा. ही परीक्षा चुकविणारास पुढे मोठी परीक्षा द्यावी लागते.

(५) लॅपटॉपमधील माहिती बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर त्याची ४८ अंकी किल्ली लिहून घ्यावी. पेन ड्राइव्हवरून काम करताना ती मागितली जाऊ शकते, आणि किल्ली नसेल तर फायली डिस्कवर असूनही उघडत नाहीत.

(६) मराठी फाँटची नोंद करावी. जुनी प्रश्नपत्रके व अहवाल श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या फाँटमध्ये टंकलिखित केलेले असतील, तर नव्या विंडोजवर तो फाँट नसल्यास ती अक्षरे निरर्थक चिन्हांसारखी दिसतात. फायली गेल्या असे समजून शिक्षक हताश होतात. वस्तुतः फाँट तेवढा बसवावयाचा असतो. म्हणून फाँटच्या फायलींचीही प्रत ठेवावी. नवे लेखन युनिकोडमध्ये केल्यास हा त्रास मुळातच टळतो.

(७) प्रिंटरचे व लॅपटॉपचे मॉडेल नाव लिहून ठेवावे. कंपनीचे ड्रायव्हर पुढे तिच्या संकेतस्थळावरून शोधण्यास ते लागते.

प्रत्यक्ष कृती

डिस्क मॅनेजमेंटमध्ये इतर विभागांप्रमाणे रिकव्हरी विभाग पुसता येत नाही. ‘डिलीट’ हा पर्याय तेथे मिळतच नाही. विंडोजने त्यास जाणूनबुजून कुलूप घातले आहे. ते उघडावयाचे तर ‘डिस्कपार्ट’ नावाचे, आज्ञा लिहून चालणारे साधन वापरावे लागते. त्यात प्रथम डिस्कचा व नंतर पार्टिशनचा क्रमांक निवडावयाचा असतो. येथे एक अंक चुकला की मुलांच्या नोंदींचा विभाग पुसला जाऊ शकतो, आणि ‘आपली खात्री आहे काय ?’ असे ते साधन विचारीतही नाही. म्हणून हे काम माहितगाराकडून, पण शिक्षकाने शेजारी बसून करवून घ्यावे. आधी कागदावर उतरविलेले आकार व पडद्यावरील आकार जुळवून पाहावेत. १५ जीबीचा विभाग काढावयाचा आहे, ५०० एमबीचा नव्हे, हे मोठ्याने म्हणून घ्यावे.

यापूर्वी आणखी एक पडताळा आवश्यक आहे. काही लॅपटॉपमध्ये विंडोजची दुरुस्तीची साधनेही मोठ्या विभागातच असतात. आज्ञापटलावर, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, इंग्रजी अक्षरे आर-ई-ए-जी-ई-एन-टी-सी, मग एक जागा सोडून तिरपी रेघ व लगेच आय-एन-एफ-ओ अशी लिहून एंटर दाबले असता ती साधने कोणत्या क्रमांकाच्या पार्टिशनवर आहेत हे दिसते. तो क्रमांक मोठ्या विभागाचाच निघाला, तर तेथेच थांबावे.

काम चालू असता वीज गेली तर हानी होते. बॅटरी पूर्ण भरलेली असावी व चार्जरही जोडलेला असावा. ज्यांची बॅटरी दहा मिनिटेही तग धरीत नाही, अशा लॅपटॉपवर हे काम भारनियमनाच्या काळात काढू नये. तसेच निकाल, शिष्यवृत्तीचे अर्ज अथवा यू-डायसची माहिती भरण्याचे दिवस टाळावेत. उन्हाळी सुटीच्या प्रारंभीचा काळ यास योग्य.

समारोप

वरील विवेचनाचा सारांश पुढीलप्रमाणे. लहान रिकव्हरी विभाग कधीही काढू नये. मोठा विभाग जुन्या, आधार संपलेल्या विंडोजचा असेल किंवा डिस्क फारच लहान असेल, तर पुरेशा तयारीनंतर काढण्यास हरकत नाही. मोठ्या डिस्कवर तो काढून फारसे काही साधत नाही. शंका असल्यास ठेवावा. कारण ठेवलेला विभाग उद्याही काढता येतो, काढलेला मात्र परत आणता येत नाही.

या निर्णयापेक्षाही महत्त्वाचे काम मात्र सर्वच शाळांनी आजच करण्यासारखे आहे. ते म्हणजे नोंदींची दुसरी प्रत. यंत्र बिघडले तर दुरुस्त होते अथवा नवे मिळते. पण एखाद्या मुलाने पहिल्या सत्रात वाचनात केलेली प्रगती ज्या तक्त्यात लिहिली होती, तो तक्ता कोणत्याही कारखान्याच्या प्रतीत सापडणार नाही. दर महिन्याच्या अखेरच्या शनिवारी शाळा सुटण्यापूर्वी ही प्रत करून तिचा दिनांक नोंदवहीत लिहिण्याचा परिपाठ शिक्षक बंधुभगिनींनी ठेवावा. वीस मिनिटांच्या या कामाने वर्षभराचे श्रम सुरक्षित राहतील.